दयाळ आणि शामा : उल्हासकाठच्या दोन सगोत्र गायक पक्ष्यांच्या स्थितीचा आढावा

पक्षिसंरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा माळढोक, गिधाड, तणमोर अशा नामशेष होऊ घातलेल्या जातींचीच चर्चा होते, आणि ते योग्यही आहे. परंतु ज्यांचे नाव संकटग्रस्तांच्या कोणत्याही यादीत नाही आणि जे अद्याप संख्येने पुष्कळ आहेत असे सर्वसाधारणपणे मानले जाते, अशा पक्ष्यांची खरी स्थिती कशी पारखावी, हा प्रश्नही गेल्या काही वर्षांत अभ्यासकांपुढे तितक्याच आग्रहाने उभा राहिला आहे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दयाळ आणि शामा या दोन गायक पक्ष्यांची जोडी विशेष उपयुक्त आहे. दोघेही निकटचे आप्त, दोघेही कीटकभक्षी, दोघेही ढोलीत घरटे करणारे आणि दोघेही आपल्या देशातील उत्तम गायकांत गणले जाणारे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या लाल यादीत दोघांनाही ‘किमान चिंता’ हाच शेरा मिळालेला आहे. असे असूनही त्यांच्या संरक्षणाविषयीची मते एकमेकांपासून बरीच दूर आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग वस्तीपासून ताहुली, मलंगगड आणि बारवीकडच्या डोंगररानापर्यंतचा टापू नजरेसमोर ठेवून या वादाची सद्यःस्थिती मांडण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

१. दोन पक्षी

दयाळ आकाराने बुलबुलाएवढा. नराचे डोके, पाठ आणि छाती तुळतुळीत काळी, पोट पांढरे, पंखावर पांढरा पट्टा. मादीत काळ्याच्या जागी राखी रंग. शेपूट बहुधा उभारलेली. थंडी ओसरली की हा एरवी मुकाट वावरणारा पक्षी एखाद्या झाडाच्या शेंड्यावरची वाळकी काटकी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा काठ किंवा निकामी झालेली अँटेना पकडून उजाडण्यापूर्वीच गाऊ लागतो, आणि मध्येच इतर पक्ष्यांचे आवाज आपल्या गाण्यात बेमालूम मिसळतो. आंबा-जांभळाच्या जुन्या खोडातील ढोली, भिंतीतले भगदाड, पत्र्याखालची खोबण किंवा उघडे राहिलेले पाइपाचे तोंड यांपैकी काहीही त्याला घरट्यास चालते. मार्च ते जुलै हा त्याचा मुख्य विणीचा काळ.

शामाची प्रकृती वेगळी. नराचा वरचा भाग निळसर झाक असलेला काळा, पोट तांबूस पिंगट, कमरेवर शुभ्र डाग, आणि शेपूट देहाहूनही लांब. मादी रंगाने फिकी आणि आखूड शेपटीची. एवढे देखणेपण असूनही तो सहसा नजरेस पडत नाही, कारण त्याचा वावर डोंगरउताराच्या ओहोळाकाठी, बांबूच्या बेटात, कारवीच्या आणि वेलींच्या दाटीत, जमिनीपासून थोड्याच उंचीवर असतो. पानांचा सडा उलटापालटा करून तो किडे टिपतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला गातो, आणि झाडाच्या किंवा तुटक्या बांबूच्या पोकळीत घरटे लावतो. ओहोळाकाठच्या त्या अंधारात शेपटीची पांढरी किनार क्षणभर हलते, तेवढीच काय ती त्याची खूण.

नात्याविषयी बोलायचे तर पूर्वी या दोघांची गणना कस्तुरांच्या कुलात होत असे. जनुकीय पुराव्यानंतर ती माशीमारांच्या कुलात होऊ लागली. दोघांचीही प्रजाती कॉप्सिकस, जरी काही वर्गीकरणकार शामाला किट्टासिंक्ला या वेगळ्या प्रजातीत ठेवतात. हा वर्गीकरणाचा तपशील निव्वळ पंडिती वाटला तरी त्याचा संरक्षणाशी संबंध आहे: पूर्वी शामाचीच उपजात समजला जाणारा अंदमानचा शामा आता स्वतंत्र जात मानला जातो, आणि एका मोठ्या जातीचे असे भाग पडले म्हणजे मूळ शेऱ्याखाली झाकलेली छोटी, असुरक्षित कुळे उघडी पडतात.

२. अभ्यासाची पूर्वपीठिका

दयाळाचे शास्त्रीय नामकरण लिनियसने १७५८ साली केले; शामाचे वर्णन त्याच शतकाच्या उत्तरार्धात स्कोपोलीने केले. मात्र शामाची खरी कीर्ती शास्त्रज्ञांनी नव्हे तर शौकिनांनी पसरविली. त्याला कापडाने झाकलेल्या पिंजऱ्यात पाळण्याची चाल एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानभर किती रूढ होती, याची नोंद पक्षिशास्त्रज्ञ जर्डनच्या ग्रंथात सापडते. पक्ष्याच्या आवाजाचे उपलब्ध असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रणही शामाचेच आहे: १८८९ साली जर्मनीत लुडविग कॉख याने आपल्या पाळीव शामाचे गाणे एडिसनच्या मेणाच्या नळकांड्यावर उतरवून घेतले. पुढे हवाई बेटांपैकी काउआईवर १९३१ मध्ये आणि ओआहूवर १९४० मध्ये हा पक्षी मुद्दाम नेऊन सोडण्यात आला, तोही मुख्यतः गाण्यासाठीच.

मुंबई इलाख्यात पद्धतशीर नोंदींची परंपरा १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपासून सुरू होते. जकात व मीठ खात्यात नोकरी करणारे एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचे मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरील पुस्तक १९०० साली निघाले; सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांची मुंबई व साष्टीच्या पक्ष्यांवरील लेखमाला १९३६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात आली. या लेखमालेचे क्षेत्र नावाप्रमाणेच मुंबई व साष्टीपुरते होते. खाडीपलीकडचे कल्याण आणि त्याच्याही वरचे उल्हासचे खोरे त्यात येत नव्हते. त्यामुळे येऊरसारख्या साष्टीतील रानांच्या शामाविषयी जितके लिहिले गेले, तितके बदलापूरच्या पाठीशी उभ्या असलेल्या डोंगरांविषयी लिहिले गेले नाही.

३. टापूचे बदललेले रूप

याच काळात त्या टापूचा कायापालट झाला. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसविण्यात आले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. अवघ्या १३ चौरस किलोमीटरांच्या त्या शहरात २०११ च्या खानेसुमारीनुसार पाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. अंबरनाथला काडेपेटीचा कारखाना, आयुध निर्माणी आणि नंतर रासायनिक उद्योग आले; शके ९८२ चे शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, ती नदी सांडपाण्याची वाहिनी बनली. बदलापूर-कुळगावची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, ती दहा वर्षांत सुमारे १ लाख ७४ हजारांवर गेली. बारवी धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढवताना गावांबरोबर रानही पाण्याखाली गेले. भोज ते मोरबे असा चार किलोमीटरहून लांब बोगदा माथेरानच्या डोंगररांगेखालून नेण्याचे काम द्रुतगती मार्गासाठी हाती घेण्यात आले. दयाळाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ एक आणि शामाच्या दृष्टीने दुसरा, हे पुढील मतांतरांच्या मुळाशी आहे.

४. कायदा आणि याद्या

भारतात दोन्ही पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे छत्र आहे. १९९०-९१ पासून देशी पक्ष्यांचा व्यापार व निर्यात बंद झाली, आणि दयाळ असो वा शामा, तो पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा ठरला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेररचना झाली, तरी या मूळ बंदीत फरक पडला नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर मात्र दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे भरलेल्या, वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिषदेत मलेशिया व सिंगापूर यांच्या प्रस्तावावरून शामाचा समावेश दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला. म्हणजे त्याच्या परदेशी व्यापारावर परवान्याचे बंधन आले. दयाळाला तेथे स्थान मिळाले नाही. लाल यादीत शेरा एकच असला तरी शामाची एकंदर संख्या घटत असल्याची नोंद तीच यादी करते.

५. पहिले मत : धोका पिंजऱ्याचा

या बाजूचे अभ्यासक आग्नेय आशियाकडे बोट दाखवितात. जावा बेटावरील घराघरांत मिळून साडेसहा ते साडेआठ कोटींच्या दरम्यान पक्षी पिंजऱ्यात असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात मांडला गेला. तेथे पक्ष्यांच्या गायनस्पर्धा भरतात, बक्षिसे लागतात, आणि शामा व दयाळ हे दोन्ही त्या स्पर्धांचे मानकरी आहेत. इंडोनेशियाने २०१८ साली शामाला संरक्षित जातींच्या यादीत घातले आणि पाळणाऱ्यांच्या विरोधामुळे त्याच वर्षी पुन्हा वगळले. पाळणाऱ्यांची बाजूही येथे नमूद केली पाहिजे: त्यांच्या मते घरगुती पैदाशीमुळे हजारो कुटुंबांना रोजगार मिळतो आणि रानातल्या पक्ष्यांवरचा भार हलका होतो. टीकाकारांचा आक्षेप असा की पैदाशीचा पक्षी आणि रानातून धरलेला पक्षी यांत बाजारात भेद करता येत नाही. सिंगापुरात एकेकाळी सर्वत्र आढळणारा दयाळ १९७० च्या दशकात जवळजवळ दिसेनासा झाला होता, हा दाखलाही या मताच्या बाजूने दिला जातो. मात्र त्या ऱ्हासात बाहेरून आलेल्या साळुंक्यांशी लागलेल्या स्पर्धेचाही वाटा होता, असे मानणारे आहेत.

महाराष्ट्राला हे चित्र जसेच्या तसे लागू पडत नाही, हे या मताचे समर्थकही मान्य करतात. आपल्याकडच्या चोरट्या बाजारात पोपट आणि मुनिया यांचेच प्रमाण अधिक. शामाचा शौक पूर्वीच्या मानाने ओसरला आहे. तरीही गायक पक्ष्याला एकदा बाजारभाव चढला म्हणजे रान कितीही शाबूत असले तरी ते मुके होऊ शकते, हा त्यांचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

६. दुसरे मत : धोका रानाचा

दुसऱ्या मताचे अभ्यासक म्हणतात की सह्याद्रीत पकडणाऱ्याच्या हातापेक्षा उतारावरची आग अधिक निर्णायक आहे. फेब्रुवारीनंतर अंबरनाथ-बदलापूरच्या मागील डोंगरांवर रात्री वणव्याच्या रांगा दिसतात, हे तेथल्या रहिवाशांना सांगावयास नको. वणव्यात मोठी झाडे बहुधा तग धरतात, त्यामुळे दुरून पाहणाऱ्यास रान कायम असल्याचे वाटते. परंतु जवळ जाऊन पाहिले तर पानांचा थर राख झालेला, कारवीचे दांडे कोळसलेले, बांबूच्या बेटाचा खालचा भाग उघडा पडलेला आणि रोपटी मेलेली आढळतात. शामाला लागते ते नेमके हेच मधले आणि तळचे रान; आणि त्याच्या विणीचा काळही उन्हाळ्यातलाच. म्हणजे नकाशावर जंगलाचे क्षेत्र एका गुंठ्याने कमी न होताही या पक्ष्याचे घर मोडू शकते.

या आगीला जबाबदार कोण, यावरही एकमत नाही. चराईसाठी नवे गवत यावे म्हणून, रस्ता मोकळा व्हावा म्हणून, निष्काळजीपणाने किंवा जमीन बळकावण्याच्या हेतूने, अशी अनेक कारणे सांगितली जातात. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याच्या पद्धतीकडे, म्हणजे राबाकडेही, अनेकदा बोट दाखविले जाते. राबाचा वाद या जिल्ह्याला नवा नाही: ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींची चौकशी करण्यासाठी सरकारने १८८५ साली कमिशन नेमले होते, आणि रयतेची वहिवाट व जंगल खात्याचे नियम यांचा झगडा त्याच्या दप्तरात तपशीलवार नमूद आहे. राबाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की शेतकरी आपल्या मोजक्या खाचरातच टहाळ, गवत व शेण भाजतो आणि ती आग आटोक्यात ठेवण्याचे कसब पिढीजात आहे. विरोधक म्हणतात की टहाळासाठी झाडांची वारंवार छाटणी झाली की ढोल्या धरण्याइतकी खोडे जून होतच नाहीत. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि उतारागणिक त्यांचे प्रमाण बदलते. वन खाते दरसाल जाळरेषा काढते. त्या रेषा आग थोपवितात, पण रेषेच्या आत एकदा लागलेली आग मनुष्यबळावाचून विझत नाही.

७. तिसरे मत : शहर हाच आसरा

दयाळाविषयीचा वाद निराळा आहे. एका पक्षाच्या मते या जातीला माणसाची वस्ती मानवते. उल्हासनगरच्या कॅम्पांतील दाटीत त्याला फारशी जागा नसली तरी अंबरनाथच्या जुन्या वसाहतींतील झाडी आणि बदलापूरच्या जांभळांच्या वाड्या त्याला पुरेशा आहेत. शेजारच्या बांगलादेशाचा तर तो राष्ट्रीय पक्षीच आहे, आणि तेथील दाट लोकवस्तीतही तो टिकून आहे. तेव्हा संरक्षणाचा तुटपुंजा पैसा अशा जातीवर खर्च करू नये, असा त्यांचा निष्कर्ष.

दुसरा पक्ष सावधगिरीचा इशारा देतो. कौलारू घर, दगडी गडगा आणि जुना आंबा जाऊन त्या जागी सिमेंटची सपाट भिंत आली की खोबणी संपतात. अंगणातली माती फरशीखाली गेली आणि औषधांची फवारणी वाढली की किडे आटतात. रस्त्यावरच्या दिव्यांमुळे पक्षी अवेळी गाऊ लागतात, आणि रहदारीच्या गोंगाटात गाणे ऐकू जावे म्हणून आवाजाची पट्टी चढवितात. नेदरलँड्समधील लायडन शहरात रामगंगा पक्ष्याच्या कुळातील एका जातीबाबत पट्टी अशी चढविल्याचे आढळल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. शहरात पक्षी दिसतो याचा अर्थ शहरात त्याची पिले वाढतात असा होत नाही, हा या पक्षाचा मुख्य युक्तिवाद आहे. पक्षी बाहेरून येत राहतात आणि शहर त्यांना केवळ रिचवीत राहते, असेही असू शकते.

८. मोजणीचा प्रश्न

या सर्व मतांचा निवाडा आकडेवारीवर व्हावयास हवा, आणि तेथेच मोठी अडचण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालात सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा विचार केला आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी २०४ जाती घटल्या असे त्यात दिसते. एकाच प्रकारच्या अधिवासावर विसंबणाऱ्या जातींची घट अधिक आहे, आणि कुठेही जुळवून घेणाऱ्या जातींची स्थिती त्या मानाने बरी आहे, असा त्याचा एकंदर रोख आहे. या निकषावर दयाळ सुरक्षित बाजूस पडतो आणि शामा धोक्याच्या बाजूस झुकतो. मात्र कीटकांवर जगणाऱ्या पक्ष्यांचा गट एकूणच घटत असल्याचेही तोच अहवाल सांगतो, आणि त्या गटात दोघेही येतात.

हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर आक्षेप घेणारे म्हणतात की लोक रविवारी, रस्ता जातो तेथेच आणि मुख्यतः हिवाळ्यात पाहणी करतात. दयाळ त्यांना सोसायटीच्या गेटवर भेटतो, शामा मात्र बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या पुढे ओहोळात उतरून, तेही एप्रिल-मेच्या पहाटे, कान लावल्याशिवाय सापडत नाही. समर्थकांचे उत्तर असे की नोंदींची संख्या पुरेशी मोठी झाली की असा पक्षपात गणिताने बराचसा दुरुस्त करता येतो. देशाच्या पातळीवर हे उत्तर पटण्याजोगे आहे. एका तालुक्याच्या पातळीवर नोंदी विरळ असतात आणि तेथे ते लंगडे पडते.

९. अनिर्णीत काय आणि निर्णीत काय

तीन प्रश्न अद्याप उघडे आहेत. पहिला, वणव्यानंतर तळचे रान पुन्हा शामाच्या उपयोगाचे होण्यास किती पावसाळे लागतात आणि दर वर्षी आग लागणाऱ्या उतारावर तो पूर्णपणे उठून जातो की जवळच्या ओहोळात तग धरतो. दुसरा, माथेरानपासून बारवीपर्यंतच्या रानाचे रस्ते, धरणे आणि वसाहतींमुळे जे तुकडे पडत आहेत, त्यांतून या पक्ष्याची ये-जा होऊ शकते काय. तिसरा, शहरातील दयाळ आपली संख्या स्वतःच्या विणीने राखतो की बाहेरच्या भरतीवर जगतो.

या प्रश्नांची उत्तरे येईपर्यंतही काही गोष्टी वादातीत मानता येतात. ‘किमान चिंता’ हा शेरा संपूर्ण जातीला, तिच्या सबंध प्रदेशाला उद्देशून दिलेला असतो; एखाद्या खोऱ्यातील अवस्थेचा तो दाखला नव्हे. आग्नेय आशियात व्यापारबंदी हा जो उपाय प्रथम क्रमांकाचा ठरतो, तो सह्याद्रीच्या उतारावर दुय्यम आहे. येथे वणवा रोखणे हेच शामाचे खरे संरक्षण होय. दयाळाला स्वतंत्र योजनेची गरज दिसत नाही. जुनी झाडे राखणे आणि भिंतीत एखादी खोबण शिल्लक ठेवणे एवढे त्याला पुरेसे आहे. आणि दोघांच्याही बाबतीत सर्वांत स्वस्त व सर्वांत निकडीचे काम मोजणीचे आहे. अंबरनाथ-बदलापुरातील महाविद्यालयांनी आणि निसर्गमंडळांनी एप्रिल-मे महिन्यांत ठरलेल्या वाटा, ठरलेली वेळ आणि ठरलेली ठिकाणे कायम ठेवून या दोन गायकांची दरसाल नोंद करावी, जळलेले आणि न जळलेले उतार वेगळे नोंदवावेत, आणि एकही शामा ऐकू आला नाही तर तीही नोंद न गाळता लिहावी.